बाकी गोळा एक

शिरोलीत आमच्या भट्टीला आकडा आहे.
चौदाशे वीस, चौदाशे तीस, तांबडा लुकलुकतो,
सुपरवायझर मुंडी हलवतो, आम्ही लॅडल पुढं घेतो.
हुरमतबीला आकडा नव्हता.
माझ्या आज्याची आजी. ती नळीच्या भोकातनं बघायची,
जाळ फणसाच्या गऱ्यासारखा पिवळा आला का,
आणि म्हणायची, अजून दोन टोपल्या.

अणुस्कुऱ्याच्या अलीकडं, मलकापूरची एसटी वळून माघारी फिरते
तिथनं कोसभर चढ.
जांभ्याचे दगड चिखलानं जोडलेले, छातीएवढी उंची,
आत एक माणूस उकिडवा बसेल एवढी पोकळी,
तीही आता मातीनं भरलेली. वर करवंदीची जाळी.
गुराखी म्हणाला, चुन्याची भट्टी हाय, इंग्रजाच्या वेळची.
मी नाही म्हटलं नाही.
पायाखाली सगळी मळी होती,
काळी, चकचकीत, बुडबुडे जागच्या जागी थिजलेले.
आमची मळी ट्रॅक्टरनं जाते, रस्त्याच्या भरावाला.

दगड भाजायचा, हरभऱ्याएवढा फोडायचा, ओढ्यात धुवायचा.
कोळसा ऐनाचा, नाहीतर अंजनाचा.
आंब्याचा नको, तो नुसता फुलतो.
म्हशीच्या कातड्याचे दोन भाते, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत.
लोखंड वितळायचं नाही त्यात, हे नव्या पोरांना पटत नाही.
मऊ व्हायचं फक्त, खरवसासारखं, भोकाभोकांचं.
मग तोंडाचा दगड काढून चिमट्यानं ओढायचं
आणि चौघांनी घण घालायचे
आतली मळी घामासारखी बाहेर येईपर्यंत.
दिवसाला एक गोळा.
त्यात पाच विळे, किंवा एक फाळ आणि वर थोडे खिळे.

आधी घाटानं विलायती पट्टी वर आली,
राजापूरच्या बंदरावरनं, बैलांच्या पाठीवर,
सरळ, गुळगुळीत, सगळी एका मापाची.
येळवणचा लोहार लाडलेसाबला म्हणाला,
तुझंच चांगलं बाबा, पण तिला इतकं ठोकावं लागत नाही.
मग जंगलाला हद्दीचे दगड लागले, नंबर घातलेले.
ऐनाला कुऱ्हाड लावायची तर पास. पासाला पैसे.
पैशाला लोखंड. लोखंडाला ऐन.
लाडलेसाबनं हा हिशेब तीन वर्षं फिरवला.

शेवटच्या दिवशी दुपार कलली होती.
रखवालदार दोघं. कोळशाच्या कणग्या मोजल्या, जप्त केल्या.
भट्टी अर्धी चढलेली.
हुरमतबी भात्यावरनं उतरली नाही म्हणे,
वारा घालत राहिली,
कोळसा नाही, वारा फक्त,
आणि नुसता वारा भट्टीला गार करतो
हे तिला त्या दोघांपेक्षा जास्त ठाऊक.

लॅडलमध्ये धातू ज्याच्या हातून थिजलाय त्याला विचारा.
माझ्या हातून थिजलाय.
आठ दिवस छिन्नी मारली, पगारातनं कापलं.

आज्याच्या ट्रंकेत एक कागद होता, मोडी,
उचल देणाऱ्या शेटच्या चोपडीतला.
शाहूपुरीतल्या एका पेन्शनर मास्तरांनी भिंग लावून वाचला.
उचल रुपये अकरा. गोळे आले चौदा. बाकी गोळा एक.
पुढं काय, मी विचारलं.
पुढं वाळवी, मास्तर म्हणाले.

परवा स्टोअरमधनं चुंबक नेला, स्क्रॅप तपासायचा,
सुतळी बांधून नळीच्या भोकातनं सोडला,
हातभर. दीड हात.
माती, मुळं. एक सरडा बाहेर पळाला.
मग टक्.
ओढला तर येईना.
मी उकिडवा बसून ताणलेली सुतळी धरली होती
आणि पलीकडनं कुणीतरी तितक्याच जोरानं.

साडेचारची एसटी, रात्रपाळी. सुतळी कापली.
स्टोअरचा किणीकर दर शनिवारी वही पुढं करतो,
चुंबक एक, बाकी.
मी सही करतो.